पियानोलाच्या पोटातली हवा

पियानोसमोर कोणी बसलेलं नाही, पट्ट्या आपल्या आपण खाली जातायत आणि वर भोकाभोकांचा कागद सरकतोय, असा एखादा व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिला असेलच. बघणाऱ्याला वाटतं की आत स्प्रिंगा असतील, दातेरी चाकं असतील, निदान एखादी मोटर आणि चुंबकं तरी असतील. आजच्या वाजणाऱ्या पियानोंमध्ये चुंबकं असतात हे खरंय, पण साधारण १९०० ते १९३० च्या काळातला पियानोला, म्हणजे भोकांच्या कागदावरून स्वतः वाजणारा पियानो, उघडून बघा, आत लाकूड, पातळ कातडं, रबर लावलेलं कापड, बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या शेकडो नळ्या, आणि हवा. बास. एवढ्यावर तो अख्खा पियानो वाजतो, हळू वाजतो, जोरात वाजतो, मधेच थबकतो, आणि विजेची एक तारही नसताना.

मी मूळची इन्स्ट्रुमेंटेशनवाली, म्हणजे कारखान्यातली मोजमाप-नियंत्रणाची उपकरणं, ते पुण्यात शिकले, आता बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, आणि पेटी लहानपणापासून वाजवते. उत्रेख्तच्या स्पेलक्लॉक म्युझियममध्ये ही सगळी आपोआप वाजणारी वाद्यं आहेत, तिथे जाऊन जाऊन मला याचं वेडच लागलं, आणि मग इथल्याच एका म्हाताऱ्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये शनिवारी जाऊन बसायला लागले, तो पियानोला दुरुस्त करतो. त्याच्याकडे बघून जे समजलं ते मराठीत कुठे नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून ही पोस्ट, लांबली तर लांबू दे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. व्हॅक्यूम ओढत नाही. आपण बोलताना "सक्शनने ओढलं" म्हणतो, मीही म्हणते आणि या पोस्टमध्येही म्हणेन, पण शहाळ्यात स्ट्रॉ घालून पाणी पिताना तुम्ही फक्त नळीतली हवा कमी करता, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. ती प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोचा भार टाकून कायम बसलेलीच आहे, आपल्याला जाणवत नाही कारण ती सगळीकडून सारखी आहे. एका बाजूची थोडी कमी केली की दुसरी बाजू लगेच कामाला लागते. पियानोला हे पूर्णपणे या एका गोष्टीवर चालतं, यात पियानो वाजवणारा खरा कोण म्हणाल तर खोलीतली हवा.

आणि किती थोडी हवा कमी करायची बघा. या क्षेत्रातले लोक व्हॅक्यूम मोजतात पाण्याच्या इंचात, म्हणजे नळीत पाणी किती इंच वर चढलं. पूर्ण निर्वात असेल तर पाणी चढतं सुमारे ४०७ इंच, म्हणजे १० मीटरच्या थोडं वर. पियानोला अगदी हळुवार वाजतो तेव्हा आत असतो ५ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम, आणि दणदणीत वाजतो तेव्हा ३० किंवा जरा जास्त. म्हणजे वातावरणाच्या दाबातला हळूला जेमतेम एक टक्का आणि जोरातला सात-आठ टक्के वापरून सगळा कारभार. मला पहिल्यांदा हे आकडे कळले तेव्हा खरंच वाटेना, मी कागदावर गणित करून बघितलं. पियानोच्या प्रत्येक पट्टीसाठी आत एक छोटा भाता असतो, फळी समजा ११.५ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे साडेचौतीस चौरस सेंटिमीटर. ५ इंच म्हणजे १२.७ सेंटिमीटर पाणी, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १२.७ ग्रॅम. गुणाकार केला की ४३८ ग्रॅम येतात, आणि भाता एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला असल्याने मोकळ्या टोकाला त्याचे निम्मे, २२० ग्रॅमच्या आसपास. पियानोची पट्टी नुसती खाली जायला साधारण ५० ग्रॅम पुरतात. म्हणजे एक टक्का व्हॅक्यूममध्येसुद्धा हातात भरपूर शिल्लक आहे! ३० इंचांना तोच भाता टोकाला सव्वा किलोच्या पुढे जातो.

आता खरी मजा, म्हणजे कागदातलं भोक. कागद सरकतो तो पितळेच्या एका पट्टीवरून, तिला ट्रॅकर बार म्हणतात, त्या पट्टीत एका ओळीत भोकं, ८८ सुरांची ८८ आणि शिवाय पेडल वगैरेंची, इंचाला ९ या हिशोबाने. प्रत्येक भोकामागे एक नळी. कागदाने भोक झाकलेलं असेल तर काही होत नाही, कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की हवा आत शिरते. पण ते भोक केवढं, दीड-दोन मिलिमीटरचं, आणि त्यातून हवा येऊन येऊन येणार किती, तेवढ्या हवेवर काय पट्टी वाजते होय? नाही वाजत. म्हणून मध्ये एक मधला माणूस लागतो, तो म्हणजे पाऊच आणि त्याच्यावरची झडप, आणि हा तुकडा मी हातात घेऊन तासभर बघत बसले होते इतका तो सुंदर आहे.

पाऊच म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, ३ सेंटिमीटर व्यासाची, अतिशय पातळ कातड्याची गोल चकती, कडेने चिकटवलेली आणि मध्ये जरा सैल. तिच्या वर एक पेटी आहे जिच्यात कायम व्हॅक्यूम आहे. तिच्या खाली ती ट्रॅकर बारकडून आलेली नळी. आणि वरच्या पेटीपासून खालच्या जागेत जाणारं एक मिलिमीटरहूनही बारीक भोक, त्याला ब्लीड म्हणतात. कागदाने नळीचं तोंड झाकलंय तोपर्यंत या ब्लीडमधून खालची हवाही निघून जाते, वर व्हॅक्यूम खाली व्हॅक्यूम, कातडं निवांत पडून राहतं. कागदातलं भोक आलं की नळीतून बाहेरची हवा आत, ब्लीडमधून ती जेवढी निसटते त्यापेक्षा जास्त येते, मग कातड्याखाली वातावरण आणि वर व्हॅक्यूम, कातडं फुगून वर येतं. ५ इंचाला त्या चकतीखाली जवळपास ९० ग्रॅम जोर तयार होतो. दोन मिलिमीटरच्या भोकातून ९० ग्रॅम! तो जोर वरच्या झडपेची दांडी उचलतो. झडप म्हणजे एक छोटी चकती, दोन बाजूंना कातडं लावलेलं, ती खालच्या बैठकीवरून उठून वरच्या बैठकीला जाऊन टेकते, जेमतेम मिलिमीटरभर प्रवास. खाली असताना ती भात्याला बाहेरच्या हवेशी जोडून ठेवते, वर गेली की बाहेरचा रस्ता बंद आणि भात्याचा रस्ता व्हॅक्यूमच्या पेटीत उघडा. भात्यातली हवा निघून जाते, बाहेरची हवा भाता दाबून बंद करते, त्याचं टोक पियानोची यंत्रणा ढकलतं, हातोडी तारेवर.

कागदातलं भोक पुढे सरकलं, तोंड बंद झालं, की पाऊचखाली अडकलेली हवा ब्लीडमधून निघून जायला हवी, तरच कातडं खाली बसणार आणि झडप परत येणार. म्हणून ब्लीडचं माप फार नाजूक असतं. बारीक झालं, किंवा शंभर वर्षांच्या धुळीने बुजत आलं, तर सूर एकदा वाजतो पण पटकन दुसऱ्यांदा वाजत नाही, मोठं झालं तर कागदातलं भोक येऊनही कातडं धड फुगत नाही आणि व्हॅक्यूम फुकट जातो.

माझ्यासारख्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना आता काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. हो, हा सरळ सरळ फ्लॅपर-नॉझल आणि रिले आहे, म्हणजे हवेच्या छोट्या इशाऱ्याने मोठी झडप हलवणारी कारखान्यातली यंत्रणा. बारीक रिस्ट्रिक्शन, तिच्यापुढे उघडझाप होणारं नॉझल, मधल्या दाबावर हलणारा डायफ्रॅम, आणि त्याने उघडणारा मोठा व्हॉल्व्ह. आपण कॉलेजात ३ ते १५ पीएसआय दाबाच्या हवेवर चालणारे न्यूमॅटिक कंट्रोलर शिकलो, केमिकल प्लांटमध्ये बघितले, तीच कल्पना इथे संगीतासाठी आणि दाबाऐवजी व्हॅक्यूमवर.

मग दाब का नाही वापरला हा प्रश्न मला पडला होताच, कारण आपली पेटी दाबावर चालते. हाताने मागचा भाता मारायचा, हवा आतल्या स्प्रिंगवाल्या भात्यात साठते आणि पट्टी दाबली की रीडमधून, म्हणजे थरथरणाऱ्या पितळी पातीतून, बाहेर. पण संगीत नाटकाला साथीला असायचा तो पायाचा ऑर्गन आठवा, ज्यांनी जुनी नाटकं पाहिलीत त्यांना आठवेल. अमेरिकन पद्धतीचा पायाचा ऑर्गन उलटा असतो, पाय मारला की आतली हवा बाहेर टाकली जाते आणि खोलीतली हवा रीडमधून आत शिरते, म्हणून त्याचा आवाज पेटीपेक्षा जरा गोल आणि मऊ. अमेरिकेत असे सक्शनवाले ऑर्गन बनवणारे कारखाने एकोणिसाव्या शतकात ढिगाने होते, आणि पियानोला जन्माला आला तो याच लोकांच्या हातून. एडविन वोटी हा डेट्रॉइटचा ऑर्गन बनवणारा माणूस, त्याने १८९५ मध्ये पहिला पियानोला बनवला. तो पियानोच्या आत नव्हता, एक वेगळं कपाट होतं, पियानोसमोर ढकलत नेऊन लावायचं, आणि त्याची ६५ लाकडी बोटं, टोकाला फेल्ट लावलेली, पियानोच्या पट्ट्यांवर येऊन बसायची. एओलियन कंपनीने ते विकायला घेतलं आणि पियानोला हे त्यांच्या मालाचं नाव सगळ्या जातीचंच नाव होऊन बसलं. सगळी यंत्रणा पियानोच्या पोटात गेली ती थोडी नंतर, आणि १९०८ मध्ये बफेलो शहरात कारखानदारांनी एकत्र बसून ८८ सुरांचा, सव्वाअकरा इंच रुंदीचा रोल, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी, ठरवला, त्यामुळे एकाचा रोल दुसऱ्याच्या पियानोवर चालायला लागला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, यामुळे धंदा इतका वाढला की १९२० च्या पुढेमागे अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त असे स्वतः वाजणारे होते.

तर सक्शन हे त्यांच्या हातातलं होतं हे एक कारण, पण दुसरं जास्त पटणारं कारण कागदाचं आहे. व्हॅक्यूम असेल तर बाहेरची हवा कागदाला आपोआप ट्रॅकर बारवर चेपून धरते, वेगळं काही करावं लागत नाही. भोकातून हवा बाहेर येणारी असती तर कागद फुलून वर उचलला गेला असता, आणि मग त्याला दाबायला रोलर, बंद खोका असली भानगड. याची किंमतही आहे, कारण आत जाणारी हवा स्वतःबरोबर कागदाचा भुसा आणि खोलीतली धूळ घेऊन जाते आणि ती जाऊन बसते नेमकी त्या ब्लीडमध्ये. म्हणून ट्रॅकर बारला लावून उलटी हवा ओढायचा एक हातपंप असतो, ज्याच्याकडे पियानोला आहे त्याच्याकडे तो असतोच.

बाहेर रस्त्यावर किंवा जत्रेत वाजणाऱ्या मोठ्या ऑर्गनांची गोष्ट वेगळी. तिथे बासऱ्यांसारख्या पाइपांत हवा फुंकायचीच असते, म्हणजे दाब लागतोच. पॅरिसच्या गाविओली कंपनीने १८९० च्या दशकात जाड पुठ्ठ्याची, घडीघडीने उलगडणारी पुस्तकं आणली, पुठ्ठ्यातलं भोक आलं की धातूची छोटी बोटं उचलली जातात आणि त्यातून पुढे हवेची यंत्रणा चालते. अॅमस्टरडॅममध्ये आजही रस्त्यात असे ऑर्गन वाजताना दिसतात. अमेरिकेतल्या वुर्लित्झरने जत्रेच्या ऑर्गनात दोन्ही एकत्र केलं, कागद वाचायला व्हॅक्यूम आणि पाइप वाजवायला दाब, एकाच भात्याच्या दोन बाजू दोन कामांना. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर टिपू सुलतानाचा वाघ, जो १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून इंग्रजांनी नेला आणि आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. हँडल फिरवलं की आतले भाते चालतात, वाघ गुरगुरतो आणि खाली पडलेला माणूस कण्हतो, आणि वाघाच्या अंगात १८ सुरांचा छोटा ऑर्गनही आहे. तो सगळा दाबावर.

परत पियानोलाकडे. रोल पुढे सरकतो तोसुद्धा हवेवर. चार-पाच छोटे भाते एका क्रँकला जोडलेले, सरकत्या झडपांनी त्यांना आळीपाळीने व्हॅक्यूम मिळतो, एक बंद होतो तेव्हा दुसरा उघडत असतो आणि क्रँक फिरत राहतो, म्हणजे वाफेचं इंजिनच, फक्त वाफ नाही. पण इथे अडचण बघा. जोरात वाजवायचं म्हणजे व्हॅक्यूम वाढवायचा, आणि व्हॅक्यूम वाढला तर ही मोटर पण जोरात धावणार, म्हणजे प्रत्येक जोरकस जागेला लय पळणार. हे कुठल्याही गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला सहन होणार नाही. म्हणून मोटरच्या वाटेवर एक गव्हर्नर बसवलेला असतो, एक स्प्रिंगने उघडा धरलेला भाता, व्हॅक्यूम वाढला की तो थोडा मिटतो आणि मिटता मिटता आतली एक पट्टी सरकवून मोटरकडे जाणारी वाट अरुंद करतो. व्हॅक्यूम कमी झाला की स्प्रिंग त्याला उघडते, वाट रुंद. मोटरला कायम सारखाच व्हॅक्यूम मिळतो, बाहेर काहीही चाललेलं असो. या भात्याच्या स्प्रिंगचा ताण जरा इकडचा तिकडे झाला तर गाणं ढकलल्यासारखं होतं, कारागीर मेट्रोनोम लावून हे जुळवतो आणि कितीतरी वेळ देतो त्याला. रोलवर ७० असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मिनिटाला ७ फूट कागद, म्हणजे सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा सेकंदाचा साधारण पस्तिसावा भाग. भोक पाडणाऱ्याचा हात कसा असेल याची कल्पना करा.

कागद ओलसर हवेत फुगतो आणि कोरड्यात आक्रसतो, आणि दोन भोकांमध्ये अंतर जेमतेम २.८ मिलिमीटर, त्यामुळे कागद थोडा जरी डावी-उजवीकडे गेला तर शेजारचे सूर वाजायला लागतात. त्यावर उपाय म्हणून चांगल्या पियानोलात कागदाच्या दोन्ही कडांना स्पर्श करणारी छोटी बोटं असतात, कागद सरकला की एका बाजूचा भाता मिटतो आणि रोल किंवा ट्रॅकर बार परत जागेवर येतो. हे फीडबॅक कंट्रोल आहे, ट्रान्झिस्टरच्या कितीतरी आधीचं, कातडं आणि कापड वापरून केलेलं.

पण माझा मुख्य मुद्दा हा नाही. माझा मुद्दा असा की कागद सांगतो फक्त कुठला सूर आणि कधी. किती जोरात, हे कागदातल्या साध्या भोकात नसतंच. ते असतं त्या क्षणी आत किती व्हॅक्यूम आहे यात, कारण व्हॅक्यूम जास्त तर भाता वेगाने मिटणार, हातोडी वेगाने जाणार, आवाज मोठा. आणि व्हॅक्यूम कोण ठरवतं, तर समोर बसून पेडल मारत आतली हवा बाहेर काढणाऱ्याचे पाय. आत स्प्रिंगने उघडा धरलेला साठवणीचा भाता असतो, हलके पाय मारले तर तो साधारण एकाच पातळीवर ठेवतो, पण एखाद्या स्वरावर बरोबर वेळेला पायाचा झटका दिला तर त्या एका स्वरापुरती पातळी उसळते आणि तो स्वर उठून येतो. आणि उलटही कळतं, मोठा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे बरेच सूर, आला की एकदम बरेच भाते मिटतात, बरीच हवा आत येते, आणि पायाखालचा प्रतिकार बदलतो. म्हणजे वाद्य पायाशी बोलतं. मी स्वतः बसून वाजवला तेव्हा पहिल्यांदा नुसताच धडधडाट झाला, सगळं एका आवाजात, आणि मग शेजारी बसलेल्या त्या कारागिराने तोच रोल परत लावून वाजवला तर वाटलं हे दुसरंच काहीतरी आहे, श्वास घेतल्यासारखी वाक्यं, शेवटाकडे विरत जाणारे सूर. तेच भोकं, तोच कागद. म्हणून याला आपोआप वाजणारं वाद्य म्हणताना मला जड जातं. पेटीवाल्याला हे लगेच कळेल, भाता कसा मारतो यावर साथ कशी होणार ते ठरतं, बोटं नंतर.

एक अडचण मात्र पायाने सुटत नाही. एकाच वेळी वाजणाऱ्या सगळ्या सुरांना व्हॅक्यूम सारखाच मिळतो, मग कॉर्डमधून मुख्य चाल वर कशी काढायची? एओलियनवाल्यांनी यासाठी थेमोडिस्ट काढलं. आतली यंत्रणा खर्ज आणि टीप अशी दोन भागांत तोडली, दोन्हीकडे वेगवेगळी पातळी, आणि कागदाच्या कडेला सापाच्या दंशासारखी दिसणारी बारीक जोडभोकं पाडली. ती आली की त्या बाजूला क्षणभर पूर्ण व्हॅक्यूम मिळतो. आणि चालीचा सूर कागदावर बाकीच्या कॉर्डच्या किंचित मागेपुढे पाडलेला असतो, म्हणजे तो एकटाच त्या क्षणात सापडतो. कान धरत नाही इतका थोडा फरक, पण चाल लख्ख वर येते.

याच्या पुढची पायरी म्हणजे पायच काढून टाकणं. जर्मनीत फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये वेल्टे-मिन्योन आणलं, यात विजेवर चालणारा पंप व्हॅक्यूम करतो आणि आवाजाची पातळीसुद्धा कागदच सांगतो. मोठमोठ्या संगीतकारांनी स्वतः वाजवून त्यासाठी रोल करून दिले, ग्रीग, सां-सान्स, डेब्युसी, आणि १९०५ मध्ये गुस्ताव माहलर. नंतर अमेरिकेत अॅम्पिको आणि एओलियनचं ड्यूओ-आर्ट, अॅम्पिकोसाठी रखमानिनॉफ, ड्यूओ-आर्टसाठी पादेरेव्स्की आणि गर्शविन.

ड्यूओ-आर्टची पद्धत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चार छोटे भाते एकाला एक जोडून अकॉर्डियनसारखे ठेवलेत. पहिला मिटला की सोळांश इंच सरकतो, दुसरा अष्टमांश, तिसरा पाव, चौथा अर्धा. कागदावर चार भोकं, प्रत्येक भोकाला एक भाता. कुठलंच भोक नाही तर शून्य, पहिलं असेल तर एक, पहिलं आणि दुसरं तर तीन, चारही तर पंधरा सोळांश. म्हणजे चार भोकांत आवाजाच्या १६ पातळ्या. आज आपण याला चार बिट म्हणतो! पहिल्या महायुद्धाच्या आसपास, हवा आणि कापडावर, डिजिटल आकड्याचं अॅनालॉग व्हॅक्यूममध्ये रूपांतर. चालीसाठी असे चार आणि साथीसाठी असे चार. मी कामावरच्या पोरांना याचं चित्र काढून दाखवलं तर त्यांना तारीख खरी वाटेना.

आणि लाइपझिगच्या हुपफेल्ड कंपनीचं व्हायोलिनवालं यंत्र, फोनोलिस्ट-व्हिओलिना, ते ज्यांना शक्य आहे त्यांनी समोर उभं राहून ऐकावंच. पियानोच्या वर कपाटात तीन व्हायोलिन उभी लटकवलेली, त्यांच्याभोवती घोड्याच्या केसांचं गोल कडं फिरत असतं, तोच बो. हवेच्या भात्यांनी व्हायोलिन त्या बोवर रेलतं, हवेचीच छोटी बोटं तार दाबतात. प्रत्येक व्हायोलिनची एकच तार वाजते. हेही व्हॅक्यूम, हेही कागदाचा रोल.

वर्कशॉपमध्ये मला करायला दिलेलं काम म्हणजे छोटे भाते नवे करणं. जुनं कापड सोलून काढायचं, त्यातलं रबर वाळून खडखडीत झालेलं असतं आणि घडीवर बोट ठेवलं तर तुटतं. लाकूड घासून साफ, मग नवं कापड गरम सरसाने चिकटवायचं. सरसच, कारण सरस ओलसर उष्णतेने परत सुटतो, पुढच्या पन्नास-साठ वर्षांनी ज्याला हे उघडायचंय त्याला उघडता आलं पाहिजे, पांढरा गोंद लावला तर कापडाबरोबर लाकूडही फाटून येतं. सरस थंड व्हायच्या आत कापड एका दमात फिरवून बसवायचं, कोपऱ्यावर सुरकुती नको. वाळला की भाता हाताने मिटायचा, तोंडावर अंगठा ठेवायचा आणि सोडायचा. अंगठा काढेपर्यंत तो मिटलेलाच राहिला पाहिजे. हळूहळू उघडायला लागला तर कुठेतरी गळतंय, परत काढा. एकेका पियानोलात असे ८० च्या वर भाते, तेवढेच पाऊच, तेवढ्याच झडपा. प्रत्येकात केसाएवढी गळती असली तर सगळ्यांची मिळून एवढी होते की हळू वाजवायला लागणारा ५ इंचाचा स्थिर व्हॅक्यूम कधी मिळतच नाही, मग वाजवणारा नुसता पाय हाणत राहतो आणि वाद्य ओरडत राहतं.

म्हणून मला वाईट वाटतं की १९५० आणि १९६० च्या दशकांत कितीतरी पियानोंतून ही यंत्रणा उपटून फेकून दिली गेली, पियानो ठेवला आणि पोट रिकामं केलं. आजही काही लोक भाते काढून चुंबकाच्या किटा बसवतात. वाजतं ते, बरं वाजतं, पण पायाचा आणि हवेचा संबंध संपला की तो पियानोला राहत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कापड आणि कातडं बदलून हे शंभर वर्षांचं यंत्र पुन्हा नव्यासारखं होतं, लागते ती चिकाटी.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी, माहलरचा वेल्टे रोल ऑनलाइन सहज मिळेल, पण एकच व्हिडिओ ऐकून "मशीनसारखं वाजतंय" असं ठरवू नका. तोच रोल दोन-तीन वेगवेगळ्या वाद्यांवर ऐका. कुठे लय सगळीकडे सारखी पळते, कुठे हळू जागा आणि मोठ्या जागा एकाच आवाजात येतात, कुठे पटापट येणारे सूर गळतात. लय पळाली तर गव्हर्नर, हळू जमत नसेल तर गळती, सूर गळत असतील तर ब्लीड बुजलेत किंवा झडपा नीट बसवलेल्या नाहीत. त्यात माहलरचा दोष नाही आणि रोलचाही नाही. आणि अॅमस्टरडॅमला कोणी येणार असेल तर योर्दान भागातलं पियानोला म्युझियम छोटं आहे पण पायाने वाजवलेला पियानोला ऐकायचा असेल तर आधी ते गाठा, कार्यक्रम आहे का बघून जा, आणि जागा मिळाली तर वाजवणाऱ्याच्या पायांकडे दिसेल अशी घ्या.